ईएसएक्सआय ७ बसवताना डिस्कच दिसत नाही (जुना सर्व्हर, पी४१०आय कार्ड)

धोटा | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. हिशेब, कामगारांची हजेरी आणि सूत-कापडाची आवक-जावक ही तीन कामं तीन वेगवेगळ्या डेस्कटॉपवर चालतात. मागच्या पावसाळ्यात त्यातला हिशेबाचा डेस्कटॉप बसला आणि आठ दिवस बिलं हाताने लिहावी लागली. तेव्हाच ठरवलं, एक दणकट सर्व्हर घ्यायचा आणि तिन्ही कामं त्यावर तीन व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी कॉम्प्युटर) करून ठेवायची.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला एचपी डीएल३८० जी७ आणला. दोन झिऑन एक्स५६५०, ७२ जीबी रॅम, ३०० जीबीच्या सहा एसएएस डिस्क. दुकानदाराने समोर चालवून दाखवला, मशीन स्वच्छ आहे. मग व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ७ बसवायला घेतलं.

पहिल्यांदा म्हणालं, हा प्रोसेसर चालणार नाही. शोधाशोध केली. बूट होताना शिफ्ट आणि ओ दाबून ‘अलाउलेगसीसीपीयू=ट्रू’ लिहिलं, पुढे गेलं. मग म्हणालं, नेटवर्क कार्ड सापडत नाही. मित्राकडून इंटेलचं आय३५० चार पोर्टचं कार्ड उसनं आणलं, तेही निभावलं. आता डिस्क निवडायच्या पडद्यावर फक्त माझा पेन ड्राइव्ह दिसतो. सहापैकी एकही डिस्क नाही.

सुरुवातीला एफ८ दाबून रेड कार्डच्या, म्हणजे डिस्क एकत्र बांधणाऱ्या पी४१०आयच्या, मेनूत गेलं की सहाही डिस्क दिसतात, रेड १० बांधलेलं आहे, सगळं ‘ओके’ आहे. केबल दोनदा काढून लावल्या. कार्ड गेलंय का? नवीन कार्डाचा खर्च करण्याआधी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.४०

धोटाभाऊ, खर्च थांबवा. कार्ड गेलेलं नाही. एफ८ मध्ये डिस्क आणि रेड नीट दिसतंय म्हणजे कार्ड, केबल, डिस्क तिन्ही ठीक आहेत. ईएसएक्सआयकडे त्या कार्डाशी बोलणारा ड्रायव्हरच नाही, एवढंच झालंय.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे तुमच्या तीन अडचणींपैकी दोन एकाच जागी येतील. व्हीएमवेअर सुरुवातीपासून बरेच ड्रायव्हर लिनक्सकडून घेत असे. ते आपल्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, चालावेत म्हणून मध्ये ‘व्हीएमकेलिनक्स’ नावाचा एक थर ठेवला होता. २०१३ मध्ये ईएसएक्सआय ५.५ सोबत त्यांनी स्वतःच्या पद्धतीचे, म्हणजे नेटिव्ह ड्रायव्हर आणले. काही वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालले. एप्रिल २०२० मध्ये ७.० आलं आणि तो मधला थर काढून टाकला. ज्या कार्डासाठी नेटिव्ह ड्रायव्हर कुणी लिहिला नव्हता, ते कार्ड त्या दिवसापासून ईएसएक्सआयला दिसेनासं झालं.

तुमच्या पी४१०आयचा ‘एचपीएसए’ ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा होता. नवीन ‘एनएचपीएसए’ पुढच्या पिढीच्या कार्डांसाठी आहे. मदरबोर्डवरच्या ब्रॉडकॉम ५७०९ नेटवर्कचा ‘बीएनएक्स२’ ड्रायव्हरही तसाच जुना. म्हणून नेटवर्क आणि डिस्क दोन्ही गेले. इंटेल आय३५० ला नेटिव्ह ड्रायव्हर आहे, म्हणून ते लगेच ओळखलं.

खात्री करून घ्या. डिस्क निवडायच्या पडद्यावर असताना ऑल्ट आणि एफ१ दाबा, ‘रूट’ नावाने आत जा, पासवर्ड रिकामा ठेवा. तिथे ‘व्हीएमकेसीएचडेव्ह -एल’ चालवा. प्रत्येक ओळीत चार आकडी-अक्षरी गट दिसतील: कार्ड बनवणारा, कार्ड, उप-बनवणारा, उप-कार्ड. रेड कार्डाची ओळ इथे द्या. ड्रायव्हरने हाती घेतलेल्या कार्डाला ईएसएक्सआय ‘व्हीएमएचबीए’ असं नाव देतं; ते ओळीच्या शेवटी आहे का तेही सांगा.

---

धोटा | मंगळवार, सकाळी ७.५०

रात्रपाळी सर, झोपण्याआधीच केलं. ओळ अशी आहे: १०३सी:३२३ए १०३सी:३२४५. शेवटी व्हीएमएचबीए नाव नाही. ‘ईएसएक्ससीएफजी-एससीएसआयडेव्ह्स -ए’ चालवलं तर फक्त यूएसबीचा एक व्हीएमएचबीए३२ दिसतो.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८.३०

१०३सी:३२३ए म्हणजे एचपीची जी६-जी७ काळातली स्मार्ट ॲरे कार्डं, आणि ३२४५ म्हणजे त्यातलं नेमकं पी४१०आय. कार्ड मदरबोर्डच्या पीसीआय जोडणीवर दिसतंय पण त्याला व्हीएमएचबीए नाव मिळालेलं नाही, म्हणजे कुठल्याही ड्रायव्हरने ते हाती घेतलेलं नाही. प्रश्न मिटला.

इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. डब्यावरचं किंवा मेनूतलं नाव बघून कार्ड चालेल की नाही ठरवू नका, हे चार गट बघा. व्हीएमवेअर आता ज्यांच्याकडे आहे त्या ब्रॉडकॉमच्या कम्पॅटिबिलिटी गाइडमध्ये याच चार गटांनी शोधता येतं आणि कुठल्या आवृत्तीपर्यंत कोणता ड्रायव्हर आहे ते कळतं. सर्व्हर विकत घ्यायच्या आधी दुकानात लिनक्सचा कुठलाही लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून ‘एलएसपीसीआय -एनएन’ चालवलं तरी पहिले दोन गट पाच मिनिटांत हाती येतात.

---

खटपट्या | मंगळवार, दुपारी १.०५

याला भर घालतो, कारण नावांनी मी स्वतः फसलो आहे. एकच चिप वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. डेलचं पर्क एच३१० आणि एलएसआयचं ९२४०-८आय, दोन्हीत एसएएस२००८ चिप. पर्क एच७०० आणि ९२६०-८आय, दोन्हीत एसएएस२१०८. एच७१० मध्ये २२०८, एच७३० मध्ये ३१०८. तेव्हा कुणी म्हणालं ‘डेलचं रेड कार्ड चालतं’, तर त्याचा अर्थ काहीच होत नाही. कोणतं डेल, कोणती चिप, हे विचारायला हवं.

धोटाभाऊ, एक मार्ग सुचवतो. ईएसएक्सआय ६.७ मधला जुना एचपीएसए ड्रायव्हर काढून ७ च्या आयएसओमध्ये, म्हणजे बसवायच्या फाइलमध्ये, घालायचा. व्हीएमवेअरच्या पॉवरसीएलआय या साधनातल्या इमेज बिल्डरने असं आयएसओ तयार करता येतं.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २.२०

खटपट्या, हा मार्ग इथे लागू होत नाही. आयएसओ तयार होईलही, पण तो ड्रायव्हर ज्या थरावर उभा राहायचा तो व्हीएमकेलिनक्स थरच ७ मध्ये नाही. पाया नाही तर भिंत कशावर बांधणार? नेटिव्ह ड्रायव्हर असता तर गोष्ट वेगळी होती.

---

खटपट्या | मंगळवार, दुपारी ३.००

मान्य. मग ६.७ च बसवावं. त्यात हे कार्ड, ते ब्रॉडकॉम नेटवर्क आणि एक्स५६५० तिन्ही चालतात, कुठलाही पर्याय लिहावा लागत नाही. कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर राहणार, बाहेरून कुणी पोचणार नाही. तीन व्हर्च्युअल मशीनसाठी एवढं पुरे आहे.

---

सातासमुद्रापार | मंगळवार, रात्री ९.४५

मी फ्रँकफर्टमध्ये डेटा सेंटरला आहे, इकडच्या संध्याकाळी धागा वाचतोय. ६.७ च्या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे, आणि कारण सांगतो.

६.५ आणि ६.७ ची सामान्य देखभाल १५ ऑक्टोबर २०२२ ला संपली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज नावाचं खंडणीचं सॉफ्टवेअर युरोपभर पसरलं. त्याने व्हर्च्युअल मशीनच्या फाइलीच कुलूपबंद केल्या. जी फट त्याने वापरल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, ती ईएसएक्सआयच्या ओपनएसएलपी या सेवेतली, तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-२१९७४. तिचा पॅच फेब्रुवारी २०२१ मध्येच निघाला होता. म्हणजे दोन वर्षं पॅच हाताशी असूनही लोकांनी तो लावला नव्हता. ६.७ वर आता पुढची फट सापडली तर लावायला पॅच मिळेलच याची खात्री नाही.

‘आतल्या नेटवर्कवर आहे’ हा आधार फार तोकडा आहे. हिशेबाच्या टेबलावरच्या एका पीसीवर कुणी चुकीची ईमेल उघडली की तो पीसी आतच असतो. आणि पूर्वी एक डेस्कटॉप बसला तर एकच काम बंद पडायचं. आता तिन्ही कामं एका मशीनवर येणार आहेत.

७ ची सामान्य देखभालही २ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. फुकट ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केलं होतं, ते एप्रिल २०२५ मध्ये ८ च्या रूपात परत आलं, पण ८ ला हे कार्ड दिसणार नाहीच. या मशीनसाठी तो रस्ता संपला आहे असं समजा.

प्रॉक्समॉक्स बघा, तेही ईएसएक्सआयसारखं व्हर्च्युअल मशीन चालवतं. व्हिएन्नाची कंपनी आहे, खाली डेबियन लिनक्स, कर्नल उबंटू लिनक्सवर आधारलेला. त्या कर्नलमध्ये एचपीएसए आणि बीएनएक्स२ दोन्ही अजून आहेत. ‘लिनक्स म्हणजे सगळं जुनं चालतं’ असं मात्र धरून चालू नका. रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या ८ व्या आवृत्तीपासून एचपीएसए, मेगारेड, एमपीटी३एसएएस या ड्रायव्हरांतून बऱ्याच जुन्या कार्डांचे आयडी काढून टाकले, तिथे तुम्हाला हाच रिकामा पडदा दिसला असता. रेड हॅटवरच बेतलेल्या अल्मालिनक्सने ९.४ मध्ये त्यातले बरेच परत घेतले. थोडक्यात, लिनक्समध्येही वितरण कोणतं, म्हणजे कुणी बांधलेलं लिनक्स, ते बघावंच लागतं.

---

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी १०.१०

धाग्यात मध्येच बोलते, पण प्रश्न जवळचा आहे. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नवा टॉवर सर्व्हर आला आहे, रेड एस१००आय असं लिहिलंय. बायोसमध्ये दोन डिस्कचा आरसा, म्हणजे रेड १ बांधला. ईएसएक्सआय बसवताना उलटंच झालं, एका डिस्कऐवजी दोन वेगळ्या डिस्क दिसतात. विद्यार्थ्यांचे प्रकल्प त्यावर ठेवायचे आहेत म्हणून काळजी वाटते.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ११.००

कृष्णाकाठताई, बरं झालं विचारलंत, कारण ही चूक फार जण नकळत पुढे नेतात.

एस१००आय हे खरं रेड कार्ड नाही. तो मदरबोर्डवरचा साधा साटा कंट्रोलर आहे, आणि आरशाचं काम ऑपरेटिंग सिस्टिममधला ड्रायव्हर करतो. तो विंडोजसाठी आहे, ईएसएक्सआयसाठी नाही. डेलच्या एस१३०, एस१४० चा ड्रायव्हरही ईएसएक्सआयसाठी नाही. त्यामुळे ईएसएक्सआयला आरसा दिसतच नाही, सुट्या दोन डिस्क दिसतात. एकीवर बसवून काम सुरू केलंत तर दुसरीवर काहीच लिहिलं जाणार नाही, आणि तुम्ही मात्र आरसा आहे असं समजत राहाल.

बायोसमध्ये रेड बंद करून एएचसीआय, म्हणजे डिस्क सरळ दाखवणारा साधा मोड, ठेवा. मग दोन मार्ग आहेत: खरं हार्डवेअर रेड कार्ड घ्या, नाहीतर प्रॉक्समॉक्स घेऊन बसवतानाच झेडएफएस या फाइल सिस्टिमचा रेड १ निवडा, तो आरसा सॉफ्टवेअरमध्येच पण नीट बांधतो. प्रयोगशाळेसाठी मी दुसरा घेईन, त्यात खर्च नाही.

---

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ११.२५

मनापासून आभार. विद्यार्थ्यांचं काम त्यावर टाकायच्या आधी कळलं हे फार चांगलं झालं.

---

धोटा | गुरुवार, रात्री ११.१०

मंडळी, प्रॉक्समॉक्स ८ घेतलं. पेन ड्राइव्हवरून सुरू झालं, पण मध्येच पडदा ‘डीएमएआर’ आणि ‘एचपीएसए’च्या ओळींनी भरून गेला आणि डिस्क दिसून गायब झाल्या. ड्रायव्हर आहे म्हणालात, मग हे काय?

---

सातासमुद्रापार | गुरुवार, रात्री ११.३५

ड्रायव्हर आहे, आणि त्याने कार्ड हाती घेतलं म्हणूनच आता तक्रारी लिहितोय. ईएसएक्सआयमध्ये इथपर्यंतही पोचला नव्हता.

हे आयओएमएमयूचं प्रकरण आहे. कुठलं कार्ड मेमरीच्या कुठल्या भागाला हात लावू शकतं यावर पहारा ठेवणारी ती यंत्रणा. प्रॉक्समॉक्स ७.२ सोबत ५.१५ कर्नल आला तेव्हापासून इंटेलच्या मशीनवर ती आपोआप चालू असते, आणि जुन्या हार्डवेअरवर यामुळे त्रास होऊ शकतो असं त्यांनी प्रकाशन टिपणात लिहून ठेवलं आहे. जी७ चं हे कार्ड आणि त्या काळचा बायोस त्या पहाऱ्यात अडकतात.

बूट मेनूवर ई दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑफ’ लिहा आणि पुढे जा. बसवून झाल्यावर तेच ग्रबच्या, म्हणजे बूट मेनूच्या, फाइलमध्ये कायमचं लिहा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा, नाहीतर पहिल्या रीस्टार्टला परत हेच होईल. तुम्हाला एखादं कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला द्यायचं नाहीये, त्यामुळे बंद ठेवून काही बिघडत नाही.

---

धोटा | शुक्रवार, पहाटे १२.५०

झालं! सहा डिस्कचं रेड १०, सुमारे ९०० जीबीची एकच डिस्क म्हणून दिसतेय. मदरबोर्डवरचं नेटवर्कही दिसलं, मित्राचं कार्ड उद्या परत देतो. चार रात्रींनंतर आज पहिल्यांदा हायसं वाटतंय. आता फाइल सिस्टिम विचारतोय, झेडएफएस निवडू का? कृष्णाकाठताईंना तेच सुचवलंत ना?

---

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ६.१५

नको! हे वाचेपर्यंत थांबला असाल अशी आशा. ताईंच्या मशीनवर कंट्रोलर डिस्क सरळ दाखवतो, म्हणून झेडएफएस योग्य. तुमच्याकडे मध्ये पी४१०आय आहे, ते डिस्क लपवून स्वतःची एक बनावट डिस्क पुढे करतं आणि स्वतःचा कॅश, म्हणजे लिहायचा डेटा थोडा वेळ धरणारी मेमरी, चालवतं. झेडएफएसला खऱ्या डिस्क हव्या असतात. स्वतःचा कॅश सांभाळणाऱ्या रेड कार्डावर झेडएफएस ठेवू नका असं प्रॉक्समॉक्सच्या मार्गदर्शिकेतच आहे. या कार्डाला डिस्क सरळ दाखवणारा अधिकृत एचबीए मोड नाही, आणि प्रत्येक डिस्कचं वेगळं रेड ० करणं ही निव्वळ पळवाट आहे. लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम ईएक्सटी४ आणि डिस्कची जागा वाटणारं एलव्हीएम-थिन निवडा. पुढे झेडएफएस हवंच असेल तर डिस्क सरळ दाखवणारं आयटी फर्मवेअर घातलेलं एलएसआयचं ९२११-८आय कार्ड घ्या.

दुसरं, आणि वापरलेल्या सर्व्हरच्या बाबतीत हे सगळ्यात महत्त्वाचं. कार्डाच्या कॅशला बॅटरी असते आणि वर्षानुवर्षं झाली की ती मरते. सर्व्हर सुरू होताना १७९४ क्रमांकाचा संदेश येतो का बघा, बॅटरीचा चार्ज कमी आहे असं सांगणारा. बॅटरी नसेल तर कार्ड लिहिण्याचा कॅश बंद ठेवतं आणि लिहिण्याचा वेग इतका पडतो की लोक ड्रायव्हरला दोष देत बसतात. अशा वेळी बॅटरीशिवायच कॅश जबरदस्तीने चालू करायचा मोह होतो. करू नका. इचलकरंजीत वीज जाते तेव्हा कॅशमध्ये अडकलेली हिशेबाची नोंद कुणीही परत आणू शकणार नाही.

---

धोटा | शुक्रवार, दुपारी ४.००

थांबलो होतो. ईएक्सटी४ केलं. आणि १७९४ संदेश खरंच येतोय, आत्तापर्यंत मी तो एंटर दाबून घालवत होतो. बॅटरी मागवली आहे.

---

खटपट्या | शनिवार, सकाळी ९.३०

आता पुढचा खड्डा आधीच दाखवतो, कारण तो याच जातीचा आहे. डेस्कटॉपची विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये आणाल तेव्हा प्रॉक्समॉक्स तिला एक आभासी स्टोरेज कंट्रोलर देतो. तो व्हर्टआयओ एससीएसआय (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेला प्रकार) ठेवलात तर विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. निळा पडदा, ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. जे ईएसएक्सआयचं तुमच्या पी४१०आयशी झालं, तेच विंडोजचं या कंट्रोलरशी होतं.

‘डिस्क टू व्हीएचडी’ या साधनाने डेस्कटॉपची प्रत काढा, प्रॉक्समॉक्समध्ये ‘क्यूएम इम्पोर्टडिस्क’ने आणा, आणि डिस्क आधी साटाच्या आभासी कंट्रोलरवर लावा. विंडोज उठेल. मग एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, व्हर्टआयओ-विन या विंडोज ड्रायव्हरांचं आयएसओ लावून ड्रायव्हर बसवा, ती छोटी डिस्क दिसतेय याची खात्री करा. मशीन बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर हलवा, बूटच्या क्रमात तिचं नाव परत निवडा. छोटी डिस्क मग काढून टाका. लिनक्सचं मशीन असेल तर इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) नव्याने बांधून घ्या.

---

धोटा | पुढचा शनिवार, रात्री १०.३०

उशिरा लिहितोय, पण सगळं करून मगच लिहायचं होतं.

बॅटरी आली, बसवली, रात्रभर चार्ज होऊ दिली. १७९४ गेला. हिशेबाचं मशीन खटपट्यांनी सांगितलं तसंच आणलं. आधी घाईत थेट व्हर्टआयओवर लावून पाहिलं आणि निळा पडदा आलाच, मग साटावरून सुरुवात केली. आवक-जावकीचं मशीनही हललं. परवा चालू सर्व्हरमधली एक डिस्क मुद्दाम ओढून काढली. बिलं चालूच राहिली. परत लावल्यावर रेड आपोआप बांधून झालं. रोज रात्री दोन वाजता बॅकअप घरच्या मशीनवर जातो, आणि एकदा तिथून परत आणून मशीन उठवूनही पाहिलं.

पुढे कुणी याच मशीनवर शोधत आलं तर त्यांच्यासाठी: डीएल३८० जी७, पी४१०आय, १०३सी:३२३ए, ईएसएक्सआय ७ मध्ये नाही, प्रॉक्समॉक्स ८ मध्ये ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑफ’ लिहून चालतं.

रात्रपाळी सर, सातासमुद्रापार, खटपट्या, तुम्ही नसता तर मी चांगलं कार्ड काढून दुसरं विकत घेतलं असतं आणि तरीही तिथेच अडकलो असतो. उद्या रविवार, माग बंद असतात, हजेरीचं मशीन हलवतो. डिस्क आधी साटावरच लावणार.

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ८.२०

धोटादादा, आमच्याकडेही एएचसीआय करून झेडएफएसचा आरसा झाला. तुमच्यासारखी एक डिस्क ओढून पाहायचा धीर होत नव्हता, तुमचं वाचून आज विद्यार्थ्यांसमोर ते करणार आहे.